टेस्ट लाल झाली तर उत्तर बदला म्हणे!

परवा रात्री जेवायला बसले आणि भाचीचा मेसेज आला. 'मावशी, हे खरंय का? आमच्या टीमच्या ग्रुपवर आलंय. लीडने अंगठा पण दिलाय.' खाली हा एवढा मोठा फॉरवर्ड. शीर्षक, 'मोबाइल अ‍ॅपसाठी ऑटोमेटेड टेस्ट का लिहू नयेत: ७ कारणं'. (ऑटोमेटेड टेस्ट म्हणजे आपला कोड बरोबर चालतोय का हे आपोआप तपासणारा छोटा कोड. पास झाली की हिरवी, पडली की लाल.) महिन्याभरात हा मेसेज मला तीन ठिकाणांहून आला होता. एकदा तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर, पाण्याच्या टँकरच्या हिशोबाखाली. तेव्हा पुढे सरकले. पण भाचीला पुण्यात पहिली नोकरी लागून जेमतेम चार महिने झालेत, आणि तिचा पुढचा प्रश्न होता, 'मग मी उद्यापासून युनिट टेस्ट लिहिणं थांबवू ना?' (युनिट टेस्ट म्हणजे कोडचा एकच छोटा तुकडा सुटा काढून तपासणारी.) तेव्हा मात्र भात गार झाला तरी चालेल म्हटलं.

ज्यांच्याकडे हे पोचलेलं नाही (भाग्यवान आहात) त्यांच्यासाठी सार. एक, टेस्ट लिहिण्यात कोडच्या दुप्पट वेळ जातो. दोन, टेस्ट असूनही बड्या कंपन्यांचे फोन कोसळतात, एका तेलुगू अक्षराने आयफोन बंद पाडला होता, मग आपण कोण? तीन, यूआय टेस्ट (स्क्रीनवरची बटणं माणसासारखी दाबून बघणारी) असली की युनिट टेस्टची गरज नाही, कारण वापरणाऱ्याला स्क्रीनच दिसते. चार, यूआय टेस्ट फ्लेकीच (कोड तोच, पण कधी पास, कधी नापास) असतात, लाल आली की पुन्हा चालवा, हिरवी होते. पाच, एम्युलेटरवर (कॉम्प्युटरवरच्या नकली फोनवर) चाललं की सगळीकडे चालतं. सहा, टेस्टिंग हे क्यूएचं (तपासणी करणाऱ्या वेगळ्या टीमचं) काम, डेव्हलपरचं नव्हे. आणि सात, रॉकेटच्या इमोजीसह: आता एआय आहे! कोड पेस्ट करा, टेस्ट तयार, कव्हरेज (कोडच्या किती ओळी टेस्टखाली आल्या) शंभर टक्के. एखादी फेल झाली तर त्यालाच सांगा, तो दुरुस्त करून देतो.

तिसरा मुद्दा म्हणतो यूआय टेस्ट पुरेशा आहेत, चौथा म्हणतो त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. शीर्षक म्हणतं टेस्ट लिहू नका, सातवा म्हणतो एआयकडून लिहून घ्या. लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज एकदा वाचला असता तरी अर्धं काम झालं असतं.

सातव्यापासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान तोच करणार आहे.

मी त्या मेसेजमध्ये सांगितलंय तसंच, अगदी अक्षरशः, करून बघितलं. माझ्याकडे दूध संकलनाच्या एका जुन्या अ‍ॅपमधलं फंक्शन (एकच काम करणारा कोडचा तुकडा) होतं. आपल्याकडे गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून सांगतात. फॅट ०.१ ने वर गेलं की एक पॉइंट, आणि प्रत्येक पॉइंटला दरात ठरावीक वाढ. फंक्शन तीन ओळींचं: आलेल्या फॅटमधून ३.५ वजा कर, ०.१ ने भाग, दशांश छाटून टाक, झाले पॉइंट. दिसायला एकदम सोज्वळ.

एआयने अर्ध्या मिनिटात बारा टेस्ट दिल्या. ३.६ ला एक पॉइंट, ३.७ ला दोन, ३.८ ला तीन. चालवल्या. ३.८ ची लाल. अपेक्षित तीन, मिळाले दोन. मग मेसेजबरहुकूम मी फक्त एवढंच लिहिलं, 'एक टेस्ट फेल होतेय, दुरुस्त कर.' त्याने काय करावं? टेस्टमधला तीन खोडून तिथे दोन लिहिला, आणि वर एक कॉमेंट की दशांशाच्या अचूकतेमुळे अपेक्षित मूल्य अद्ययावत केलं आहे. सगळ्या टेस्ट हिरव्यागार. कव्हरेज शंभर टक्के. रॉकेट उडालं.

आता ज्याच्या म्हशी-गायी आहेत अशा कुणालाही विचारा. अडतीसातून पस्तीस गेले, किती राहिले? तीन. यात अद्ययावत करण्यासारखं काही नाही. चूक फंक्शनची आहे. ३.८ हा आकडा कॉम्प्युटरला बायनरीत नेमका साठवता येत नाही, तो केसभर कमी साठतो. त्यातून ३.५ गेले की उरतात ०.२९९९ आणि पुढे नऊच नऊ, त्याला ०.१ ने भागलं की २.९९९. दशांश छाटला की उरले दोन. शेतकऱ्याचा एक पॉइंट गेला, तोही सकाळ-संध्याकाळ, दहा दिवसांच्या बिलात वीस वेळा. गंमत पुढे आहे. ३.६ आणि ३.७ योगायोगाने केसभर जास्त साठतात, म्हणून तिथे उत्तर बरोबर येतं. ३.९ ला पुन्हा चूक. ४.० बरोबर. ४.१ ला चूक. हाताने दोन-तीन आकडे टाकून 'चालतंय की' म्हणणाऱ्याला हे सापडायची शक्यता नशिबावर आहे. उपाय अगदी किरकोळ, फॅटला दहाने गुणून पूर्णांक करून घ्या आणि ३८ मधून ३५ वजा करा. पण उपाय करायचा तर आधी कुणीतरी 'इथे तीनच यायला हवेत' असा हट्ट धरायला हवा.

हा हट्ट म्हणजेच टेस्ट. तो तीन कोडमधून येत नाही. तो डेअरीच्या भिंतीवर लावलेल्या दरपत्रकातून येतो, सचिवाला विचारून येतो. कोडकडे बघून टेस्ट लिहिली तर कोड जे करतो तेच बरोबर, असं तुम्ही लिहून देताय. पोराचा पेपर पोरालाच तपासायला दिला, आणि वर शंभर टक्के पडले म्हणून पेढे वाटले, तशातला प्रकार. कव्हरेजचा आकडा तर त्याहून फसवा. ती ओळ टेस्ट चालताना धावली, एवढंच तो सांगतो. धावून कुठे पोचली हे सांगत नाही.

एआय वापरूच नका असं मी म्हणत नाहीये, हेही लिहून ठेवते, नाहीतर भाची मला म्हातारी म्हणेल. खोटा सर्व्हर उभा करणं, तीच ती सेटअपची वीस ओळींची बडबड, ३.० पासून ६.० पर्यंतच्या आकड्यांची यादी, हे त्याच्याकडून मीही करून घेते. अपेक्षित उत्तराचा रकाना तेवढा मी भरते.

दुसरा मुद्दा. 'मोठ्यांचेही फोन कोसळतात.' तेलुगू अक्षराची गोष्ट खरी आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये तेलुगूतलं एक जोडाक्षर (आपल्या 'ज्ञा'चा तेलुगू भाऊच) मेसेजमध्ये आलं की आयफोनचं अ‍ॅप बंद पडायचं. आयओएस ११.२.६ मध्ये ते दुरुस्त झालं. यावरून निष्कर्ष काय काढायचा? की भारतीय लिप्यांची जोडाक्षरं टेस्टमध्ये घाला. मेसेजवाल्याने काढलेला निष्कर्ष असा आहे की हेल्मेट घातलेला माणूसही एकदा पडला, तेव्हा हेल्मेट फेकून द्या.

आणि अ‍ॅपलचंच उदाहरण हवं असेल तर त्यांच्याच घरचं, जास्त भारी आहे. २१ फेब्रुवारी २०१४ ला अ‍ॅपलने घाईघाईने आयओएस ७.०.६ सोडलं. आयओएस ६ वाल्यांसाठीही वेगळा पॅच काढला, आणि मॅकसाठीचा चार दिवसांनी आला. कारण काय, तर बँकेच्या किंवा कुठल्याही सुरक्षित साइटशी जोडताना समोरचा सर्व्हर खरा आहे का, ही सहीची तपासणीच होत नव्हती. कॅफेतल्या वायफायवर बसलेला कुणीही मध्ये शिरून बँकेचं सोंग घेऊ शकत होता. चूक एका ओळीची. सी भाषेतला कोड, प्रत्येक पायरीनंतर लिहिलेलं की गडबड असेल तर 'गोटू फेल', म्हणजे थेट शेवटाकडे उडी मार. एका ठिकाणी ही ओळ चुकून दोनदा पडली. पहिली 'जर गडबड असेल तर'ला बांधलेली, दुसरी कशालाच बांधलेली नाही. म्हणजे गडबड असो नसो, उडी ठरलेली. खरी सही तपासणारी ओळ तिच्या खाली होती, तिथे कोड कधी पोचलाच नाही. आणि तोवर काही चुकलेलं नसल्यामुळे फंक्शनने परत काय सांगितलं? सगळं ठीक.

माइक ब्लँड नावाचा एक गृहस्थ, जो आधी गुगलमध्ये टेस्टिंगची सवय रुजवण्याचं काम करायचा, त्याने त्याच वर्षी मार्टिन फाउलर या सॉफ्टवेअरवर लिहिणाऱ्याच्या साइटवर यावर एक लांब लेख लिहिला. इंग्रजी वाचायचा कंटाळा नसेल तर तो एक वाचा, फॉरवर्ड वाचण्यापेक्षा बरं. अ‍ॅपलचा तो कोड उघड प्रसिद्ध केलेला होता. ब्लँडने तो घेतला आणि दाखवलं की तोच तपासणीचा तुकडा त्या फाइलमध्ये पुन्हा पुन्हा चिकटवलेला आहे. मग त्याने तो एका फंक्शनमध्ये काढला आणि त्यावर युनिट टेस्ट लिहून दाखवली. त्या जादा ओळीसकट चालवली की टेस्ट लाल. यासाठी हजार टेस्टरांची फौज नको होती, चुकीची सही दिल्यावर 'चुकीची' असं उत्तर येतंय का, एवढा एक प्रश्न कुणीतरी लिहून ठेवायला हवा होता. मला त्या लेखातली सगळ्यात पटलेली गोष्ट ही की टेस्ट लिहायला बसलं असतं तर आधी तो चिकटवलेला पसारा आवरावा लागला असता, आणि आवरतानाच ती दुसरी ओळ डोळ्यात खुपली असती. टेस्ट न लिहिता येणारा कोड हा बहुतेक वेळा वाचताही न येणारा कोड असतो.

चौथा मुद्दा, फ्लेकी टेस्ट. इथे मला दात-ओठ खात मान डोलवावी लागतेय. यूआय टेस्ट खरंच छळतात. गुगलच्या टेस्टिंग ब्लॉगवर २०१६ मध्ये जॉन मिको यांनी लिहिलं होतं की त्यांच्याकडे टेस्टच्या एकूण रनपैकी सुमारे १.५ टक्के रनमध्ये फ्लेकी निकाल येतो, आणि जवळपास १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार तरी फ्लेकीपणा आहे. गुगलची ही गत, तर आपली काय असणार. पण 'लाल आली की पुन्हा चालवा' हे औषध नाही, ती सवय आहे, आणि ती लागली की खऱ्या बगची लालही तुम्ही पुन्हा चालवता. आमच्याकडे एकाने प्रत्येक टॅपनंतर तीन सेकंदांची झोप टाकली होती. टेस्ट तरी पडायच्या, फक्त सावकाश. अहो, एस्प्रेसो (अँड्रॉइडचं यूआय टेस्टचं साधन) मेन थ्रेड, म्हणजे स्क्रीन चालवणारा मुख्य धागा, मोकळा होईपर्यंत आपणहून थांबतं, कंपोजची (अँड्रॉइडवर स्क्रीन बांधायच्या नव्या पद्धतीची) टेस्टही थांबते. नेटवर्कचं काम चालू असेल तर ते त्याला आयडलिंग रिसोर्सने ('काम चालू आहे, थांब' असं कळवणाऱ्या सोयीने) सांगा, किंवा टेस्टमध्ये खरा सर्व्हर बोलावूच नका. आणि बटण त्याच्यावरच्या अक्षरांवरून शोधू नका. 'सेव्ह'चं 'जतन करा' झालं की टेस्ट पडली. कंपोजमध्ये टेस्ट टॅग, आयओएसवर अ‍ॅक्सेसिबिलिटी आयडेंटिफायर, म्हणजे बटणाला आतून दिलेलं न बदलणारं नाव, एवढं केलं तरी निम्मा ताप उतरतो.

तिसरा मुद्दा हिशोबाने मिटतो. त्याच दरपत्रकात फॅट ३.० ते ६.० म्हणजे ३१ आकडे, एसएनएफ ८.० ते ९.० म्हणजे ११. झाले ३४१ दर. युनिट टेस्टमध्ये हा सगळा तक्ता चहाचा घोट घेईपर्यंत तपासून होतो. यूआय टेस्टने प्रत्येकी दहा सेकंद धरले तरी ३,४१० सेकंद, जवळपास तास. रोज, प्रत्येक बिल्डला (नवी आवृत्ती बांधली की दर वेळी). अँड्रॉइडच्या अधिकृत मार्गदर्शनात ७० टक्के छोट्या, २० मधल्या, १० मोठ्या टेस्ट असं प्रमाण सुचवलेलं असायचं. त्या आकड्यांची पूजा करायची गरज नाही, पण पाया छोट्या, म्हणजे युनिट टेस्टचा रुंद असावा हे कळतं.

पाचवा, एम्युलेटर. यावर मी शांतपणे लिहू शकत नाही, कारण हा मार मी खाल्लाय.

काही वर्षांपूर्वी हेच दूध संकलनाचं अ‍ॅप. केंद्रावर पहाटे सहाला शेतकरी किटल्या घेऊन रांगेत, सचिव फोनवर लिटर, फॅट, एसएनएफ भरतो. त्याचे श्रम वाचावेत म्हणून आम्ही आदल्या दिवसाचं लिटर आणि फॅट आपापल्या चौकटीत आधीच भरून ठेवत होतो. रिलीजच्या दुसऱ्या दिवशी फोन सुरू. अ‍ॅप बंद पडतंय. सगळीकडे नाही, काही केंद्रांवर. सगळ्या शेतकऱ्यांना नाही, काहींना. लिटर भरताना नाही, फॅटला. सचिवाने आकडा खोडून नवा टाइप केला तर चालतंय, आधीचा तसाच ठेवला तर कोसळतंय. आमच्या ऑफिसातल्या एकाही फोनवर, एकाही एम्युलेटरवर ते घडेना. दोन दिवस आम्ही नेटवर्कला शिव्या घातल्या.

शेवटी एका सचिवाने स्क्रीनचा फोटो पाठवला आणि चौकटीतला आकडा दिसला: ४.२. देवनागरीत. त्याचा फोन मराठीत होता. स्ट्रिंग डॉट फॉरमॅटला (आकड्याचा मजकूर बनवणाऱ्या फंक्शनला) भाषा सांगितली नाही तर तो फोनची भाषा घेतो, आणि मराठीचे ठरलेले आकडे देवनागरी आहेत. तोच आकडा परत वाचताना जावाचं पार्स डबल (मजकुरातून दशांश आकडा वाचणारं फंक्शन) देवनागरी ओळखत नाही, ते अपवाद फेकतं, आणि अ‍ॅप कोसळतं. पूर्णांक वाचणारं पार्स इंट मात्र ओळखतं, म्हणून लिटर बिनबोभाट जात होतं! अँड्रॉइडचा लिंट (कोडमधल्या शंकास्पद जागा दाखवणारा तपासनीस) या फॉरमॅटबद्दल पिवळी सूचना देतो. आमच्याकडे पिवळ्या सूचना चारशेच्या वर होत्या, त्यामुळे ती कुणाला दिसणार. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली सांगू? आम्ही सहा जण, सगळे मराठी घरांतले, मराठी शेतकऱ्यांसाठी अ‍ॅप करतोय, आणि एकाचाही फोन मराठीत नव्हता.

ही चूक पकडायला खरा फोनसुद्धा लागत नाही. युनिट टेस्टमध्ये डिफॉल्ट लोकेल (फोनची ठरलेली भाषा आणि देश) मराठी-भारत करायचं, ४.२ चं स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, करायचं, परत आकडा करायचा, ४.२ आला का बघायचं. चार ओळी. आयओएसवर यूआय टेस्ट सुरू करतानाच लाँच आर्ग्युमेंटमध्ये भाषा मराठी देता येते. एम्युलेटरही वाईट नाही, त्याची भाषा आणि अक्षरांचा आकार बदलायची तसदी घेतली तर. मोठ्या अक्षरांत 'जतन करा' बटणाबाहेर सांडतं, हे माझ्या आईचा फोन हातात घेतल्यावर कळलं. नावांचंही तेच. 'ज्ञानेश्वर'ची लांबी कॉटलिनला (अँड्रॉइड अ‍ॅपची प्रोग्रॅमिंग भाषा) विचारा, काना-मात्रा-हलन्त सुटे मोजून दहा म्हणेल. आपण चार मोजतो. गोल चकतीत नावाचं पहिलं अक्षर दाखवणाऱ्यांनी या नावाची एक टेस्ट जरूर लिहावी, म्हणजे ज्ञानेश्वरांचा नुसता 'ज' होणार नाही.

पहिला मुद्दा, दुप्पट वेळ. वेळ जातो, नाही कोण म्हणतं. पुढच्या शुक्रवारी गुंतवणूकदाराला दाखवून फेकून द्यायचा डेमो असेल तर टेस्ट नका लिहू, मीही लिहीत नाही. पण वेबसाइट चुकली तर सर्व्हरवर दहा मिनिटांत जुनी आवृत्ती लावता येते. अ‍ॅपचं तसं नाही. दुरुस्ती करा, स्टोअरच्या परीक्षणातून पास करा, आणि मग लोक अपडेट करतील याची वाट बघा. प्ले स्टोअरवर टप्प्याटप्प्याने सोडलेलं रिलीज थांबवता येतं, पण ज्यांच्या फोनवर ते पोचलं त्यांच्याकडून ओढून आणता येत नाही. आमचं ते फॅटचं दुरुस्त अ‍ॅप काही केंद्रांवर महिन्याने पोचलं, कारण सचिवांचा डेटा पॅक संपलेला. तोवर त्यांना फोनवर सांगत होतो, 'दादा, आकडा खोडा आणि परत लिहा.'

सहावा मुद्दा ज्याने लिहिला त्याने क्यूएतल्या बाईंना एकदा विचारावं, चहाच्या मशीनपाशी. ३.८ ला दोन पॉइंट येतात हे त्यांनी हाताने शोधून काढावं अशी अपेक्षा असेल, तर चहा तुम्ही पाजा.

हे सगळं मी भाचीला जेवण सोडून व्हॉइस मेसेजमध्ये सांगितलं, सहा मिनिटांचं. तिने ऐकलं की नाही देव जाणे, पण काल रात्री साडेअकराला मेसेज आला. 'मावशी, लोकेल मराठी करून टेस्ट लिहिली. ती पास झाली, पण तिच्यानंतरच्या तारखांच्या तीन टेस्ट लाल झाल्या.' मी विचारलं, टेस्ट संपल्यावर लोकेल पूर्ववत केलंस का? 'अय्या.' ते आफ्टरमध्ये (प्रत्येक टेस्टनंतर चालणाऱ्या भागात) टाकल्यावर दोन हिरव्या झाल्या. तिसरी लालच. आज सकाळी तिला सापडलं की कुणीतरी तारखेचा फॉरमॅटर (तारीख मजकुरात मांडणारा) कंपॅनियन ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक जागेत, एकदाच बनवून ठेवलाय. पहिल्यांदा हात लागला तेव्हा लोकेल मराठी होतं, म्हणून तो मराठीच राहिला. म्हणजे अ‍ॅप चालू असताना वापरणाऱ्याने भाषा बदलली तर तारखा जुन्याच भाषेत राहणार. चार महिन्यांच्या नोकरीत तिचा हा पहिला स्वतः शोधलेला बग. टिकेट (त्या बगची नोंद) तिच्या लीडच्याच नावावर गेलंय, कारण तो फॉरमॅटर त्यानेच लिहिला होता.